ठिपके छापणाऱ्याची अट

ऐका, बोलतोय मी, ठिपके छापणारा प्रोग्राम. अंधांच्या बोटांना वाचता यावेत असे ब्रेलचे ठिपके यंत्राकडून कागदावर उठवून घेतो. म्हातारा झालोय, गोड बोलणं जमत नाही.

मला लिहून तयार केलं एका भावानं, त्याच्या अंध ताईसाठी. ताई अंध पोरांना गणित शिकवते. अक्षरं मला सरसर यायची, पण अपूर्णांक आला की बोबडी वळायची. भावानं मला आतल्या लिखाणासकट जगापुढे उघडं ठेवलं आणि अट घातली: घ्या, बदला, विकासुद्धा, पण बदललेलं दुसऱ्याला दिलंत, तर तेही असंच उघडं द्या. याला कॉपीलेफ्ट म्हणतात म्हणे.

त्याचा दोस्त चिडला. "द्यायचं तर मोकळ्या हातानं दे की! अटी बघून लोक पळतात. माझा प्रोग्राम बघ, सगळे वापरतात."

"वापरतात, आणि कुलूप लावून तुलाच विकतात. बस टाळ्या वाजवत!"

दोस्ताचंही खोटं नव्हतं. पुष्कळ पळाले.

मग शाळेत एका कंपनीचं नवं यंत्र आलं. अपूर्णांक झकास छापायचं. पण यंत्र एकच, पोरं वर्गभर. जुन्या यंत्रांसाठी ती करामत कंपनी देईना. पोरं ताटकळायची, ताई चरफडायची.

एकदा शेवटचा कागद लागला. यंत्रानं त्यावर काहीतरी उठवलं. ताईनं बोट फिरवलं आणि ओरडलीच, "अरे, हे तर आपलं!"

'ताई, कागद घाल गं.' भावानं हे माझ्यात थेट ठिपक्यांतच लिहिलेलं. कंपनीनं माझं नाव पुसलं, त्याचं पुसलं. ठिपके वाचणारं मात्र तिथं कुणी नव्हतं!

दोघं कंपनीत गेली. साहेब म्हणाला, "फुकट पडलं होतं, उचललं."

"पडलं नव्हतं, ठेवलं होतं," ताई म्हणाली. "अटीसकट."

वकिलानं अट वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली. "साहेब, बदललेलं उघडं द्यावं लागेल."

दिलं. अपूर्णांक जमवणारा तिथला माणूस हुशार, हे कबूल. त्याचं नाव आता माझ्यात मानानं आहे.

जुन्या यंत्रांवर मला बसवायला दोस्तच आला, कुरकुरत. "अट मला अजून पटत नाही हं."

"नको पटू दे. ती वायर धर."

आता सगळ्या खटारा यंत्रांवर मी अपूर्णांक छापतो. तुम्हीही न्या मला. फोडा, जोडा, माझ्यावर पोट भरा. फक्त आत शिरल्यावर दार लावून घेऊ नका. मागून पोरं येतायत.