सामान कोण बघेल?

मित्रांनो, मी एक जुना पुतळा आहे. चौकात उभा राहून कबुतरं अंगाखांद्यावर घेणारा नव्हे, पार्कातल्या पाळण्यांत बसणारा. जाड नारिंगी रबराचा, बसलेल्या माणसाच्या आकाराचा आणि आतून पोकळ. मला डोकं आहे, पण त्यावर नाक-डोळे नाहीत. मग तू बघतोस कसा, असं तुम्ही विचाराल. विचारू नका. दोन-दोन डोळे असून समोरचं न दिसणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांना कोणी काही विचारत नाही.

आणखी एक. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगू लागल्या की शेवटी रडारड असते, असा तुमचा अनुभव असेल. मी रडणाऱ्यांतला नाही. रुमाल काढून बसला असाल तर तो परत खिशात ठेवा.

एका कारखान्यात साच्यातून माझा जन्म झाला. माझ्या पाठीला एक बूच आहे. त्यातून पाणी भरलं की मी धडधाकट माणसाएवढा जड होतो, आणि पाणी काढलं की माझी घडी करून मला काखोटीला मारता येतं. मला आणलं ते पाळण्यांच्या पार्कात. रोज सकाळी फाटक उघडण्याआधी प्रत्येक पाळण्यात पहिला मी बसायचो. पट्टा धरतो का, ब्रेक लागतो का, वळणावर कोणी बाहेर तर फेकलं जात नाही ना, हे सगळं माझ्या जिवावर तपासलं जायचं. मी सुखरूप खाली आलो की मगच माणसांची पाळी.

पाळण्यांची देखभाल करणारे मिस्त्री मोठे मिश्कील होते. पहिल्याच दिवशी मला पुढच्या जागेवर बसवून ते म्हणाले, "सगळ्यांच्या आधी मान यांचा, जागा पुढची, आणि काम काडीचं नाही. हे तर आपले जावईच की!" झालं, त्या दिवसापासून मी सगळ्यांचा जावईबापू झालो. नाव मला आवडलं. 'काम काडीचं नाही' हे मात्र मला आजही मान्य नाही. तुमच्यापैकी कोणी उपाशीपोटी, एकामागून एक पाळण्यांत उलटं लटकून दाखवा, मग बोलू.

माझं अजून एक काम होतं. आमच्या आकाशपाळण्याच्या डब्यात समोरासमोर दोन जागा असत. एकाच बाजूला वजन आलं तर डबा कलतो, म्हणून एकट्या माणसाला त्यात बसू देत नसत. कोणी एकटा आलाच, तर मिस्त्री मला त्याच्यासमोर बसवत. लोक आधी हसायचे आणि वर गेल्यावर हळूच माझ्याशी बोलायचे. ते काय बोलायचे ते मी कोणाला सांगितलेलं नाही, तुम्हालाही सांगणार नाही.

मग नवे पुतळे आले. त्यांच्या अंगात तारा आहेत, त्यांना लागलेला धक्का संगणकावर दिसतो म्हणे. त्याच सुमारास माझा डावा खांदा पाझरू लागला. मला आकाशपाळण्यासमोरच्या झाडाखालच्या बाकावर ठेवून दिलं. आज भंगारात, उद्या भंगारात, असं चाललं होतं. पण पार्क म्हणजे काय असतं, ते मला त्या बाकावरच कळलं.

कारण त्या बाकावर सामान सांभाळणारी माणसं बसतात.

घरचे सगळे पाळण्यात जातात आणि कोणीतरी एक मागे राहतं. त्याच्या मांडीवर पिशव्या, खांद्यावर सगळ्यांचे स्वेटर, हातात पाण्याच्या बाटल्या आणि नजर वर. अशांपैकी एक मावशी मला चांगली ठाऊक झाली. ती कपड्यांच्या कारखान्यात दिवसभर उभी राहून शर्टांच्या कॉलरना इस्त्री करायची. लग्न केलेलं नव्हतं. बहिणीची मुलगी, म्हणजे तिची भाची, सुट्टी आली की नवऱ्याला आणि मुलांना घेऊन पार्कात यायची आणि मावशीलाही आणायची. "मावशी आहे ना," हे तिच्या तोंडात बसलेलं वाक्य. मावशी आहे ना, ती सामान बघेल. मावशी आहे ना, ती धाकट्याला खाऊ घालेल.

एकदा मावशीने भीत भीत विचारलं, "या खेपेला मी पण बसू का गं?"

भाची खळखळून हसली. "तू? या वयात? अगं, मग सामान कोण बघेल?"

भाची काही दुष्ट नव्हती. तिला खरंच गंमत वाटली. मावशीही हसली आणि पिशव्या जवळ ओढून बसली. मी तिच्या शेजारीच होतो मित्रांनो, आणि ते हसू कसलं होतं हे मला कळलं. माझ्या अंगात तेव्हा पाणी होतं, ते तापलं असं म्हणायला हरकत नाही.

पुढे एका सकाळी मावशी आली ती एकटीच. अंगावर ठेवणीतला कुर्ता, पायात नवे बूट आणि दोन्ही हात रिकामे. आमच्या रस्त्यावर तीन पार्क ओळीने आहेत. एक पाळण्यांचा, एक पाण्याचा आणि एक अंतराळाचा. तिन्हींत चालणारा तिकिटाचा पट्टा तिने मनगटाला बांधला होता. ती घाईत नव्हती. आधी तिने एक आइस्क्रीम घेतलं आणि बाकावर माझ्या शेजारी बसून ते चवीने संपवलं. तिचं आइस्क्रीम पूर्ण घट्ट असतानाच पोटात गेलेलं मी पहिल्यांदा पाहिलं. मग ती रुमालाला हात पुसून उठली आणि आकाशपाळण्याच्या रांगेत उभी राहिली.

"मावशी, बरोबर कोण आहे?" फाटकावरच्या माणसाने विचारलं.

"मी आहे ना."

"तसं नाही, दुसरं कोणी? एकट्याला बसवत नाही आम्ही. डबा कलतो."

"दुसरं कोणी आलं असतं," मावशी म्हणाली, "तर मी आजही खालीच बसले असते."

तेवढ्यात मिस्त्री हातातला पाना पुसत आले आणि बाकाकडे बोट दाखवून म्हणाले, "जावईबापू बसलेत की रिकामटेकडे! भरा त्यांना."

माझ्यात पाणी भरलं गेलं. खांदा पाझरत होता, पण मी मान ताठ ठेवली. डबा वर चढू लागला तसं मावशीने दांडा घट्ट धरला. अगदी वर गेल्यावर तिने एक हात सोडला, मग दुसराही. मग खाली बघून म्हणाली, "तो बाक केवढासा दिसतो रे इथून!"

खाली आल्यावर मिस्त्रींनी माझं पाणी काढलं आणि माझी घडी तिच्या हातात दिली. "घेऊन जा यांना. इथे भंगारातच जायचे आहेत. पुढेही कोणीतरी जोडीदार विचारेलच."

अशी आमची वरात पाण्याच्या पार्कात निघाली. तिथे दोघांची रबरी होडी होती. मावशीने मला नळावर भरलं, पुढे बसवलं आणि आम्ही उंच घसरगुंडीवरून असे काही सुटलो की ती पोटातून ओरडली. ती भीतीने नव्हे, मोठ्याने ओरडायला जागा मिळाली म्हणून ओरडली. मग ती संथ वाहणाऱ्या कालव्यात उताणी तरंगत राहिली. मी शेजारी डुचमळत होतो. एका बाईने विचारलंच, "हे कोण?"

"माझ्याबरोबर आहेत," मावशी डोळे न उघडता म्हणाली. "यांची काही कटकट नसते."

पुढे ती काठावरच्या खुर्चीत मस्त झोपली. जागी झाली ती फोनच्या आवाजाने. भाचीचा फोन होता.

"मावशी, कुठे आहेस? घराला कुलूप आहे तुझ्या."

"पार्कात आलेय."

"कोणाबरोबर?"

"कोणाबरोबर नाही."

मग भाचीचा घाबरलेला आवाज आला. "एकटीच? अगं, तुला बरं वाटतंय ना? काही झालंय का? थांब, हलू नकोस, आम्ही येतो."

"मला काही झालेलं नाही. आणि मी हलणार आहे, मला तिसऱ्या पार्कात जायचंय," असं मावशी सांगत होती, पण तोवर फोन बंद झाला होता. बघा मित्रांनो. चार जणांबरोबर जाऊन बाकावर बसणारी बाई शहाणी, आणि एकटी जाऊन पाळण्यात बसणारी बाई आजारी. हे गणित ज्याने मांडलं त्याला एकदा माझ्यासारखं उलटं टांगायला हवं.

तिसऱ्या पार्कात मोठा अग्निबाण होता. दोघांची बैठक, सरळ वर जाणारी आणि तिथून दगडासारखी खाली सुटणारी. मावशीने मला तिथल्या नळावर भरून फाटकाजवळच्या बाकावर टेकवलं, आणि ती रांगेत पुढे पोचते न पोचते तोच भाची आधीचे दोन्ही पार्क पालथे घालून धापा टाकत आली. मागून नवरा, मुलं आणि सामान.

"मावशी! जीव टांगणीला लावलास अगदी! आणि हे काय ध्यान घेऊन फिरतेस? लोक काय म्हणतील?" तिने मावशीला आपादमस्तक न्याहाळलं. मावशी ठणठणीत आहे हे बघून तिचा जीव भांड्यात पडला. लगेच तिची मुलं अग्निबाणाकडे बघून नाचू लागली. भाची म्हणाली, "बरं, आता आलोच आहोत तर ही एकदा बसून घेतील. मग सगळे घरी जाऊ. हे धर जरा."

तिने पिशव्या पुढे केल्या आणि मावशीचे हात पुढे झाले.

मी ते पाहिलं. इतक्या वर्षांची सवय, हात बिचारे आपले आपण उठले. मला ओरडावंसं वाटलं, पण कारखान्याने मला तोंड दिलेलं नाही. पिशवीचा बंद तिच्या बोटांना लागला. तिने त्या बंदाकडे पाहिलं आणि दोन्ही हात मागे घेतले. पिशवी धपकन खाली पडली.

"नाही धरणार," मावशी म्हणाली.

"म्हणजे?"

"म्हणजे नाही. तुझं सामान तू बघ."

भाचीचा चेहरा उतरला. "मावशी, एवढं काय गं? तुला बसायचं होतं तर सांगायचं ना!"

"सांगितलं होतं. तू हसलीस."

भाचीने पिशव्या उचलल्या. मला बाकावर टेकवलेलं होतं, तिथेच तिने त्या माझ्या मांडीवर रचल्या. मी त्या वेळी खांद्यातूनच नव्हे, सगळीकडूनच पाझरू लागलो होतो. बिस्किटं, स्वेटर, सगळं भिजून चिंब झालं. मुद्दाम केलंस का, असं विचाराल तर त्यावर मला काही बोलायचं नाही.

पण त्यामुळे मी लुळा पडलो. फाटकावरची मुलगी म्हणाली, "हा पुतळा रिकामा झालाय, चालणार नाही. एकट्यांना नाही बसवत."

"मी बसतो मावशींबरोबर," भाचीचा नवरा पुढे झाला. चांगल्या मनानेच म्हणाला तो.

"तुम्ही मुलांबरोबर बसा," मावशी म्हणाली. मग तिने त्या मुलीला विचारलं, "इथे काय कलतं? आकाशपाळण्याचं मला कळलं. इथे एकटी बसले तर काय होतं, ते सांग. धोका असेल तर मी आत्ता परत जाते."

मुलीने वरच्या साहेबांना विचारलं आणि जरा ओशाळून म्हणाली, "धोका काही नाही मावशी. फक्त शेजारची जागा रिकामी जाते, म्हणून."

"मग जाऊ दे रिकामी," मावशी म्हणाली. "इतकी वर्षं माझी जातच होती. कोणाचं काही अडलं नाही."

मुलीने फाटक उघडलं.

मावशी अग्निबाणात बसली. एकटी, मध्यभागी, ऐसपैस. बाकावर माझ्या शेजारी भाची बसली होती. मांडीवर ओल्या पिशव्या, हातात बाटल्या, नजर वर. अग्निबाण सुटला तशी ती अर्धवट उठली आणि तो खाली येईपर्यंत तशीच राहिली. मावशी उतरली तेव्हा तिचे केस चारी दिशांना गेले होते आणि कुर्ता चुरगळला होता.

"झालं ना मनासारखं?" भाचीने अगदी हळू विचारलं. "जायचं आता?"

"नाही झालं," असं म्हणून मावशी पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली.

मी आता मावशीच्या खोलीत, कपाटावर घडी होऊन असतो. सुट्टीच्या दिवशी ती जाते तेव्हा मला नेत नाही. तिला माझी गरज उरलेली नाही. याचं मला दुःख असेल असं तुम्हाला वाटेल. छे! मी काय सोबतीला म्हणून जन्मलो होतो? माणूस बसण्याआधी जागा पक्की आहे का ते बघायचं, हे माझं काम. ते मी चोख केलं.

तेव्हा मित्रांनो, माझी काळजी घ्या, मला भंगारात टाकू नका, असलं काही मी म्हणणार नाही. खुशाल टाका. पण पार्कात गेलात की धावत सुटण्याआधी एकदा मागे बघा. बाकावर कोणीतरी तुमचे स्वेटर घेऊन बसलेलं असेल. 'तुला यायचंय का' असं विचारत बसू नका. ती 'नको बाबा, मला गरगरतं' म्हणेल. असं म्हणायचं तिने केव्हाच शिकून घेतलेलं असतं. तुम्ही नुसती तिच्या मांडीवरची पिशवी उचला आणि तिच्या जागेवर बसा.