सामाईक विहिरीचे प्रमेय

आदिनाथचा प्रबंध सोमवारी विद्यापीठात द्यायचा होता. त्यापुढे मुदतवाढ नव्हती. बदनापूरच्या महाविद्यालयात दिवसभर शिकवून उरलेल्या शक्तीवर त्याने तो लिहिला होता, आणि तो संपावा यापलीकडे त्याला आता कसलीच इच्छा उरली नव्हती.

विषय ऑब्जेक्ट-ओरिएंटेड संगणकभाषांचा होता. प्रोग्राममधल्या जुन्या क्लासच्या, म्हणजे साच्याच्या, जागी नवा क्लास ठेवला, तर जुन्याने दिलेले प्रत्येक वचन नव्याने पाळले पाहिजे. ते पाळले जाते हे केव्हा सिद्ध करता येते, हे त्याचे प्रमेय सांगत होते. उदाहरण घरचेच होते. वाटूरला चुलतीच्या बागेला पाणी देणाऱ्या मोटरीवर त्याने जुन्या प्रोग्रामच्या जागी आपला नवा बसवला होता. जुन्याचे वचन एवढेच, की सुरुवातीला पुरेसे पाणी असेल, तर मोटर ठरलेला वेळ चालेल. नवा त्यात एका शहाणपणाची भर घालत होता: पाणी तळाला गेले की मोटर जळण्याआधी बंद करायची. पुरेशा पाण्याने सुरू झालेली सिंचनाची पाळी मध्येच तुटणार नाही, हे त्याने रीतसर सिद्ध केले होते.

शनिवारी तो चुलतीच्या मळ्यात गेला, तेव्हा मोसंबीची फुले पाण्यावाचून गळून झाडांखाली वाळत होती.

“तुझा प्रोग्राम लई संस्कारी हाय, आदिनाथा,” चुलती चतुराबाई म्हणाल्या. “तुझ्या बापाची मोटर चालली का नव्या सुनेवानी गप बसतो.”

“बाबांची मोटर त्याच वेळेला कशाला चालती, काकू?”

“लाइट आली का दोघांनी जल्दी चालू करायची. रान वाटलं आपण, विहीर न्हाई वाटली. तू काय परगावाहून आल्ता का?”

“ठाऊक हाय मला.”

“मंग? जुन्या प्रोग्रामवर मोटर थेंब थेंब का होईना, पाणी देत तर होती.”

या विहिरीत तो पोहायला शिकला होता. तरीही सिद्धतेच्या पहिल्याच ओळीत, केवळ सोयीसाठी, त्याने प्रत्येक शेताला स्वतंत्र विहीर दिली होती. पाणी दुसरेही कोणी उपसू शकते, ही शक्यता त्या ओळीनेच मिटवून टाकली होती.

घरी बायकोने, मनीषाने, त्याचे सगळे ऐकून घेतले. तीही संगणकशास्त्रच शिकवत असे. सिद्धतेची प्रत्येक ओळ तिने तपासली होती.

“अट उघड लिहा ना. ‘एका विहिरीवर एकच मोटर.’ प्रमेय बिलकुल खरं होतंय.”

“होतंय. पण विहिरीसारखं एकच ऑब्जेक्ट दोघांच्या हाती असणं, हाच या भाषांमधला रोजचा व्यवहार. तोच वगळला तर उरतं काय?”

“पदवी उरती, अहो.”

“आणि प्रबंधातलं काकूंच्या बागेचं प्रकरण?”

“ते काढून टाका. परीक्षक काय वाटूरला येऊन राह्यले का विहीर मोजायला?”

त्याने अट लिहिली. सिद्धतेतला एक शब्दही बदलावा लागला नाही. मग बागेचे प्रकरण निवडून तो पुसण्याच्या कळीवर बोट ठेवून बसला.

“थकले मी,” मनीषा म्हणाली.

“मीही.”

“मंग लिहून टाका सरांना, प्रबंध देत न्हाई म्हणून. उद्या सकाळी लाइट हाय तिकडं. जुना प्रोग्राम घालून या काकूंना.”

त्याने मार्गदर्शकांना दोनच वाक्ये लिहिली: प्रमेय खरे आहे. ते मी सादर करणार नाही.