जोडीतला दुसरा ट्रान्झिस्टर

कळंबच्या स्टँडजवळ माझं अॅम्प्लिफायर दुरुस्तीचं दुकान आहे. मी तापट आहे, हे आधीच सांगून टाकतो. माझं काम चुकलं असं कोणी म्हटलं की माझं डोकं फिरतं. सत्त्याण्णव सालच्या चैत्रात मात्र ते मला स्वतःच्याच तोंडाने म्हणावं लागलं.

पिंपरी पेंढारच्या यात्रा कमिटीचा अॅम्प्लिफायर माझ्याकडे आला होता. त्यात आवाज मोठा करणारे दोन पॉवर ट्रान्झिस्टर असतात, निम्मा भार एकाने उचलायचा, निम्मा दुसऱ्याने. एक जळाला तरी दोन्ही बदलायचे, तेही एका मापाचे. मी पुण्याहून जुळवलेली जोडी आणलीही होती. पण मीटरवर जुना दुसरा ठणठणीत दाखवत होता, आणि चालती वस्तू काढून फेकायला माझा हात धजेना. एकच नवा बसवला, त्याचा जोडीदार हत्यारांच्या पिशवीत टाकला. 'हॅलो हॅलो' केलं, आवाज छान आला.

यात्रेच्या सकाळी बैलगाड्यांची शर्यत बघायला घाटावर, म्हणजे गाडे पळतात त्या चढावर, गेलो. तिथलं निवेदन तीस वर्षं धर्माजीबाबांकडे. गाडा सुटला की ते बेंबीच्या देठापासून ओरडायचे, "भिर्रर्र झालीऽऽ!" अंगावर काटा यायचा. त्या दिवशी कर्ण्यातून फाटका, चरचरीत आवाज आला. पुन्हा ओरडले, पुन्हा तेच. माणसं हसली.

कमिटीचे सयाजी म्हणाले, "बाबा, घसा गेला तुमचा. आता संपतला बोलू द्या." संपत सयाजींचा पुतण्या, माईक ओठांना लावून हळू बोलणारा. त्याचा आवाज स्वच्छ आला.

बाबा माझ्याशेजारी येऊन बसले. "वय झालं, हौशीराम. पुढल्या साली मी काय येत न्हाई."

मला सगळं उमगलं होतं. हळू बोललं की जुना ट्रान्झिस्टर कसाबसा निभावून नेत होता, बाबांचा आवाज त्याला पेलत नव्हता. गप्प राहिलो असतो तर कोणाला पत्ताही लागला नसता. दोन गाडे सुटेपर्यंत राहिलोही. मग माझीच मला लाज वाटली.

"सयाजीभाऊ, घसा ठीक हाय बाबांचा. दोन बदलायचे व्हते, मी एकच बदलला."

"मंग इतका येळ काय तोंड शिवलं व्हतं?" सयाजी कडाडले. सवयीने खांद्याला अडकवून आणलेली हत्यारांची पिशवी मी खाली उतरवली.

बाबाच म्हणाले, "म्हंजी एका अंगाला नवा खोंड आन् दुसऱ्या अंगाला म्हातारा बैल जुंपला व्हय रं?"

"व्हय, बाबा."

कमिटीच्या मांडवातच बसून पिशवीतला ट्रान्झिस्टर काढला, जुन्याच्या जागी बसवला, कथलाचे डाग दिले. बाबांनी माईक घेतला.

"ऐका होऽऽ मंडळी! कळंबच्या हौशीराम मिस्त्रीनं काम अर्धवट केलं व्हतं, आन् चारचौघांत कबूल केलं! माझा घसा लई झ्याक हाय!"

शिट्ट्या, फेटे, नुसता कल्ला. माझी चूक अख्ख्या तालुक्याने ऐकली, आणि त्यातला एकही शब्द फाटला नाही.