डावा कोपरा

दशरथ घाडीला साकीनाक्याच्या कारखान्यात नोकरी लागली ती त्याच्या पंजामुळे. कंपनीच्या कबड्डी संघात तो डाव्या कोपऱ्यावर उभा राहायचा. चढाईवाला आत शिरला की हा खाली झेपावून त्याचा घोटा धरायचा. धरलेला पाय मध्यरेषेपर्यंत पोचला असं क्वचितच घडे. विलेपार्ल्याच्या मैदानात त्याने दोघांची हाडं मोडली होती, स्वतःचे दोन दातही तिथल्याच मातीत घालवले होते. लोक डोक्यावर घेत. पगार वेळेवर, सरावासाठी दुपारनंतर सुट्टी. बरीच वर्षं झकास गेली.

चौऱ्याऐंशी साली कारखान्यात संप झाला. संपवाल्यांत सगळ्यांत पुढे होता अनंता, दशरथची बायको वनमाला हिचा धाकटा भाऊ.

संप लांबला तसं कामगार अधिकारी विद्याधर यांनी संघाला बोलावलं. "गेट मोकळं करायचंय. नवी माणसं आत घ्यायचीत. इतकी वर्षं कंपनीने तुम्हाला पोसलंय."

कर्णधार अंबादासने लोखंडी सळ्या वाटल्या. दशरथने घेतली नाही. "मला हात पुरेत," तो म्हणाला. धक्काबुक्कीवर भागेल असं त्याला वाटत होतं.

भागलं नाही. नव्या माणसांचा ट्रक गेटवर येताच दगड सुटले. अंबादासने एका म्हाताऱ्या कामगाराच्या कपाळावर सळी घातली आणि त्यानंतर कुणी कुणाला आवरेना. दशरथने एकाचं नाक फोडलं, दुसऱ्याला कॉलर धरून गटारात भिरकावलं. हाताला रक्त लागलं आणि त्याला आवेश चढला. इतक्यात बाजूने कुणीतरी निसटून पळालं. दशरथने तोंड न बघता झेप घेतली, घोटा धरला. माणूस रस्त्यावर आपटला. मान वळवून पाहिलं त्याने.

"भावोजी, सोडा."

अनंता होता तो. दशरथची बोटं सुटेपर्यंत अंबादास धावत आला आणि त्याने अनंताच्या गुडघ्यावर सळी हाणली. लागोपाठ पुन्हा हाणली. हाड फुटल्याचा हादरा दशरथला पंजात जाणवला.

तो उठला. अंबादासचा गळा धरून त्याने त्याचं डोकं कंपाउंडच्या भिंतीवर आपटलं. सळी हातातून गळून पडली तरी आपटतच राहिला. शेवटी संघातल्याच पोरांनी त्याला पाडलं, उजवा हात डांबरावर दाबून धरला आणि बुटांनी बोटं चिरडली.

ती बोटं पुन्हा सरळ झाली नाहीत. खेळ संपला, नोकरीही गेली. अंबादास वाचला, पण एका कानाने बहिरा झाला. संप मोडला. अनंताचा पाय गुडघ्यात कायमचा ताठ राहिला.

वनमाला ताट वाढायची, बोलायची नाही. दशरथ डाव्या हाताने कसाबसा जेवायचा. एका दुपारी ती म्हणाली, "चल, अनंताकडे."

घाटकोपरच्या खोलीत अनंता खाटेवर पडून होता. दशरथ दाराशीच थांबला.

"तू आहेस ते दिसलं नाही मला."

"दुसरा कुणी असता तर?" अनंताने विचारलं. "धरला असता ना?"

दशरथ म्हणाला, "धरला असता."

"बहिणीसमोर तरी खोटं बोलायचं होतंत," अनंता म्हणाला आणि त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

वनमाला भावाच्या उशाशी बसली. "तू जा घरी," ती नवऱ्याला म्हणाली, "मी राहते इथे." दशरथ एकटाच जिना उतरला.