फादर आन्सेल्मोंचा पोचा

सव्वीस वर्षं मी गिटारींचे पोचे काढते, चरे बुजवते, आणि आजवर एकाही माणसाने ‘माझ्या हातून झालं’ असं म्हणत गिटार पुढे केलेली नाही. कुणाची मांजर उडी मारते, कुणाचा मेहुणा ढोसून येतो. एकाच्या घरात तर भूकंप झाला होता, फक्त त्याच्याच घरात. आमच्या अबुनो गावात घरटी गिटारी बनतात. बनवणाऱ्या पुरुषांची नावं गिटारीच्या पोटात छापून चिकटवलेली असतात. मी दुरुस्त करते ती गिटार मात्र दुरुस्त केलीय हेच कुणाला दिसता कामा नये, मग नाव कसलं चिकटवता!

त्या गुरुवारी दुपारी गल्ली घोरत असताना फादर आन्सेल्मो मागच्या दाराने आत शिरले. काखेत झग्यात गुंडाळलेली गिटार. झगा सोडला आणि मी कपाळावर हात मारला. ती दोन्या, म्हणजे बाईसाहेब, पेर्पेतुआची गिटार होती. नवऱ्याच्या आठवणीसाठी तिने ती चर्चच्या गायकांना दिली आहे. दर रविवारी मिस्सेच्या प्रार्थनेआधी येऊन ती गिटारीला असं निरखते, की नवऱ्याला जिवंतपणी कधी निरखलं नसेल. पुढच्या फळीवर अंगठा मावेल एवढा पोचा, आणि त्याला लागून बोटभर चरा.

“रविवारपर्यंत होईल ना, ईसिंग?” फादर म्हणाले.

खरं तर मी त्यांच्याशी बोलणारच नव्हते. त्याच रविवारी माझ्या भाचीच्या, जोवेलीनच्या मुलीचा बाप्तिस्मा होता. जोवेलीनने धर्मआई म्हणून माझं नाव दिलं होतं आणि फादरनी ते खोडलं होतं. का, तर मी तेरॉयबरोबर बिनलग्नाची राहते. तेरॉयची बायको एकोणीस वर्षांपूर्वी बर्फाच्या कारखान्यातल्या मेकॅनिकबरोबर दावाओला पळाली. आमच्या देशात घटस्फोट नाही. त्यामुळे माझं लग्न तिच्या तब्येतीवर अडलंय, आणि तिची तब्येत ठणठणीत आहे. मला स्वतःचं मूल नाही. हे बाळ जन्मल्यावर पहिल्यांदा माझ्याच हातात दिलं होतं. नाव खोडलेलं मला फार लागलं. तीन आठवडे मी भाताच्या प्रत्येक घासाला फादरना शिव्या घालत होते.

“कशाने झालं?” मी विचारलं.

“मांजर.”

“मांजर केवढी होती? रेड्याएवढी?”

ते झग्याची घडी घालू लागले. मी म्हटलं, “हे बघा फादर, लाकूड नुसतं दबलं असेल तर ओलं फडकं आणि इस्त्रीने वर येतं. आतले तंतू तुटले असतील तर त्याच वाफेने फुगून फाटतं. काय लागलं, कसं लागलं, ते मला कळायला हवं. खोटं बोललात तर पोच्याचं भोक होईल. बसा.”

ते माझ्या बुटक्या स्टुलावर बसले. आमच्या मध्ये टेबलफॅनची जाळी होती, चर्चमधल्या पापकबुलीच्या खिडकीला असते तशी. जाळीपलीकडून ते हळूच म्हणाले, “सेंट पीटरच्या किल्लीवर आपटली.”

“पुतळा चालून आला?”

“मी नाचत होतो.”

“कुणाबरोबर?”

“हिच्याबरोबर,” त्यांनी गिटारीकडे बोट केलं. “पाद्री व्हायला सेमिनरीत जायच्या आधी एका मुलीसाठी खिडकीखाली एक गाणं म्हणायचो. काल जेवण झाल्यावर आठवलं. गिरकी घेताना पाय सटकला.”

“नाव काय तिचं?”

“दुरुस्तीला नाव लागतं?”

“नाही. मला ऐकायचंय.”

“लुमेन,” ते म्हणाले, आणि साठीचा तो माणूस कानापर्यंत लाल झाला.

“केल्याचा पश्चात्ताप होतोय?”

“गिटारीचा होतोय.”

“आणि नाचल्याचा?”

त्यांनी चऱ्यावरून बोट फिरवलं. मग ते म्हणाले, “नाही.”

खोटं कशाला बोलू, हा माणूस इतकी वर्षं मला कसा रटाळ वाटला होता देव जाणे. मला तो एकदम आवडलाच. मी तडकलेल्या पॉलिशचा पापुद्रा उचलला, ओलं फडकं ठेवलं, इस्त्रीचं टोक टेकवलं. चर्र झालं, वाफ निघाली. चार वेळा केल्यावर दबलेलं लाकूड वर आलं. चऱ्यात मात्र लाख थेंबाथेंबाने भरावी लागणार होती, एक थेंब वाळल्याशिवाय दुसरा नाही.

“फादर, तेवढं रविवारचं—”

“नियम आहे, ईसिंग. माझ्या हातात नाही.”

आवडलेला माणूस पुन्हा नावडता झाला. तेरॉय रात्री म्हणाला, “गिटार देऊच नको. उभा राहू दे त्याला रिकाम्या हाताने दोन्यासमोर.” पण अर्धवट काम माझ्या हातून बाहेर जात नाही. शनिवारी मी गिटार पोचवली आणि बजावलं, “वरून वाळलंय, आत अजून कच्चं आहे. आठवडाभर तिथे कुणी बोट लावायचं नाही.”

रविवारी दोन्या पेर्पेतुआ आली, वाकली, आणि नेमका तिथेच अंगठा दाबला. अंगठा उचलला तर खाली तिच्या अंगठ्याचा ठसा, सगळ्या रेषांसकट.

“हे काय आहे?” तिच्या आवाजाने गायक थांबले. तिने ठसा हुंगला आणि वळून सरळ शेवटच्या बाकावर माझ्याकडे बोट रोखलं. “हा वास हिच्या घरातून येतो! परपुरुषाबरोबर राहणाऱ्या बाईने माझ्या नवऱ्याच्या गिटारीला हात लावला? काय केलंस तिचं? बोल!”

सगळं चर्च माझ्याकडे बघत होतं. लाजेने आणि संतापाने माझे कान तापले. एका वाक्यात मी सुटले असते. पण माझ्या स्टुलावर बसून सांगितलेलं माझ्याकडेच राहतं. मी ओठ घट्ट मिटले आणि समोर बघत राहिले. शेजारी तेरॉयने माझा हात धरला, सगळ्यांसमोर.

“तिने दुरुस्त केली,” वेदीवरून आवाज आला. “आपटली मी. नाचताना.”

आधी कुणी हसलं नाही. मग गायकांतला खर्जात गाणारा जाड्या फुटला आणि त्याच्यामागे अख्खं चर्च. दोन्या मटकन खाली बसली.

मिस्सेनंतर जोवेलीन बाळाला घेऊन बाप्तिस्म्याच्या पाण्यापाशी उभी राहिली. माझ्याऐवजी ठरलेली तिची मावससासू पुढे निघाली.

“तुम्ही बसा,” फादर तिला म्हणाले. “नार्सिसा, इकडे ये.” माझं बाप्तिस्म्याचं नाव; एरवी मी सगळ्यांची ईसिंगच.

बाळ माझ्या हातात आलं. फादरनी घसा साफ केला. “सैतानाला आणि त्याच्या सगळ्या कृत्यांना तू नाकारतेस?”

“हो” म्हणायचं असतं. मी मागे पाहिलं. तेरॉय शेवटच्या बाकापाशी टोपी कुस्करत उभा होता.

“कुठल्या कुठल्या?” मी विचारलं.

फादरनीही मागे पाहिलं. मग वाकून, फक्त मला आणि बाळाला ऐकू जाईल असं म्हणाले, “तेरॉय त्यात येत नाही.”

“मग नाकारते,” मी म्हणाले.