बोगद्यात हाक मारायची नाही

माझी नणंद लव्हिनिया कालव्याच्या काठावरच्या माणसाशी लग्न करून बोट सोडून गेली, ते १९५१ साल. तिचा नवरा रेल्वेत सिग्नलवर होता. दोन खोल्या, परसात कोंबड्या. माझ्या सासूने, केटुराने, त्या दोन्ही खोल्या फिरून बघितल्या आणि खिडकीशी उभी राहून म्हणाली, "छान आहे गं. पण रोज सकाळी उठून तेच झाड बघायचं?" पिढ्यानपिढ्या बोटीतच राहणाऱ्या आमच्या घराण्यात काठावर संसार मांडणारी ती पहिलीच.

ती गेली आणि आमच्या जोडीवर एक माणूस कमी झालं. पुढे इंजिनाची बोट आणि तिच्यामागे लांब दोराला बांधलेली बिनइंजिनाची, अशी जोडी असते. दोन्ही कोळशाने भरलेल्या. लव्हिनिया पुढच्या बोटीवर माझ्या नवऱ्याच्या, इनॉकच्या सोबतीला असायची. आता पुढे इनॉक एकटा, मागे मी एकटी. आमच्या मागून सासू-सासऱ्यांची जोडी यायची, तशीच भरलेली. माणूस रमतगमत चालेल तेवढाच आमचा वेग. हल्ली लोक तेवढ्यासाठी पैसे देऊन येतात. आम्हाला दुसरा वेग माहीत नव्हता.

त्या ऑक्टोबरात आम्ही हिलकोटच्या बोगद्याशी आलो. टेकडीखालून कालवा नेणारा हा बोगदा माझ्या खापरपणजोबांच्या काळात माणसांनी कुदळ-फावड्याने, मेणबत्तीच्या उजेडात खणला. आधी टेकडीच्या माथ्यावरून खाली विहिरी खणल्या आणि मग विहिरींच्या तळाशी दोन्ही बाजूंना. मधे कुठेतरी मोजमाप चुकलं, म्हणून तिथे एक वाक आहे आणि छत खाली आलं आहे. खणताना कितीजण गाडले गेले ते कुणी लिहून ठेवलं नाही. ते अजून आत आहेत असं आम्ही बोटीवाले मानतो. म्हणून बोगद्यात कुणाला नाव घेऊन हाक मारायची नाही. मारली तर आतले ते नाव ठेवून घेतात आणि वर्षाच्या आत तो माणूस मागतात.

मग एकमेकांची खबर कशी घ्यायची? लॉकच्या, म्हणजे कालव्याचं पाणी अडवणाऱ्या दारांच्या, झडपा उचलायची लोखंडी किल्ली आम्ही सगळेच कमरपट्ट्यात खोचून हिंडायचो. दर विहिरीखाली पुढच्याने त्या किल्लीने केबिनच्या छपरावर तीनदा ठोकायचं आणि मागच्याने तीनदा उत्तर द्यायचं.

बोगद्याच्या तोंडाशी नळ होता. सासू पाण्याचे डबे भरत होती. इनॉक पुढच्या दिव्याशी झटापट करत होता. दिवा पेटायचा आणि विझायचा.

"आधी तो दिवा नीट कर," सासू म्हणाली.

"आई, आत बघायचं काय असतं? इकडे भिंत, तिकडे भिंत."

"वाकाशी डोकं सांभाळ."

"डोकं असतं तर लग्न केलं असतं का?"

"मग ती टोपी कशावर घालतोस?" मी म्हटलं. सासरे जोब, जे दिवसाकाठी चार शब्द बोलायचे, ते हसले. "जा पुढे," म्हणाले. "पाणी भरून आलोच."

आत शिरलो. पाठीमागचं उजेडाचं भोक लहान होत गेलं. पुढे इंजिनाची ठकठक भिंतींवर आपटून दुप्पट होत होती आणि इनॉक गात होता. तो बेसूर गायचा, पण बोगद्यात त्याचं गाणं मला गोड लागायचं. पहिल्या विहिरीखाली त्याने ठोकलं. मी ठोकलं. दुसऱ्या विहिरीखालीही तसंच.

मग पुढचा दिवा विझला.

त्यात नवल नव्हतं. पण थोड्या वेळाने गाणंही थांबलं. मी वाट बघितली. चहा पीत असेल असं स्वतःला सांगितलं. बोगद्यात बोट आपणच सरळ जाते, त्यामुळे सुकाणू सोडून चहा ओतून घ्यायला पुरुष खाली उतरतात. वाक आला. पुढच्या बोटीचं नाक भिंतीला घासल्याचा आवाज आला. इनॉकच्या हाती सुकाणू असताना असं कधी होत नसे. तिथून जवळच मधली विहीर. तिच्यातून पाणी गळतं आणि धुरकट उजेड पडतो. मी किल्ली हातात धरून ऐकत राहिले.

ठोकलं नाही.

मी स्वतः ठोकलं. तीनदा, मग पुन्हा तीनदा. इंजिन ठकठकत राहिलं. त्या पडत्या उजेडात माझ्या बोटीच्या कडेने एक काळी वस्तू मागे सरकत गेली. मी वाकून बघितलं. इनॉकची टोपी होती.

माझं तोंड उघडलं आणि मी ते हाताने दाबलं. नाव ओठांवर आलं होतं. आतले ऐकत असतील असं वाटलं. माझ्या बोटीला ना इंजिन, ना ब्रेक. पुढची बोट ओढत होती आणि मी तिच्यामागे चालले होते, कदाचित त्याच्या अंगावरून. बोटीच्या तळाला काही लागतंय का म्हणून मी पायांनी ऐकत होते. प्रत्येक खरखरीला वाटायचं, हाच तो. पुढच्या टोकाचा उजेड येईपर्यंत मी एका हाताने सुकाणू धरलं होतं आणि दुसऱ्या हाताने तोंड.

बाहेर आल्यावर पुढच्या बोटीवर कुणी नव्हतं, हे मला दिसलं. ती तशीच जाऊन काठाच्या गाळात रुतली. माझी बोट तिला जाऊन भिडल्यावर मी उडी मारली आणि इंजिन बंद केलं. केबिनमध्ये बघितलं. पाव, चीज, कपात अर्धा चहा. तो अजून कोमट होता.

आणि मग आठवलं, मागून सासरे येत आहेत. मधल्या विहिरीखाली पाणी गळतं, ते चुकवायला सगळेच बोट उजव्या भिंतीला घासून नेतात. सासरे तर भिंत आणि बोट यांच्यात हात शिरणार नाही इतकी जवळ न्यायचे, त्याचा त्यांना अभिमान होता. इनॉक जिवंत असलाच तर भिंतीलाच धरून असणार.

बोगद्यात पायवाट नाही. घोड्यांच्या काळात घोडे टेकडीवरून नेत, ती वाट आहे. मी त्या वाटेने पळत सुटले. ते आत शिरण्याआधी तोंडाशी पोचायचं, एवढंच डोक्यात होतं. चिखलात दोनदा पडले. मधली विहीर माथ्यावर आहे, तिचा विटांचा कठडा एका बाजूने ढासळलेला. तिथे श्वास घ्यायला थांबले आणि खालून आवाज आला.

टक, टक, टक. लोखंड विटेवर.

मी कठड्यावर पोट टेकून आत वाकले. काळोख आणि पाण्याची टपटप. टक, टक, टक. आणि त्याच्या मागे, दुरून, इंजिनाची ठकठक. ते आत शिरले होते.

मी किल्लीने कठड्यावर ठोकलं, पण त्याला कळून काय उपयोग? इंजिन जवळ येत होतं. ठोकणं सासऱ्यांना ऐकू गेलं असतं तरी त्यांनी नेहमीसारखं उत्तर दिलं असतं आणि भिंतीला घासून निघून गेले असते.

मी ओरडले. "इनॉक भिंतीशी आहे! इंजिन बंद करा!" ठकठक चालूच. कुणाला म्हणतेय हे इंजिनाच्या गोंगाटात कळत नसावं. सासऱ्यांना मी जन्मात नावाने हाक मारली नव्हती. "जोब!" मी सगळा जीव ओतून ओरडले. "जोब! जोब!"

इंजिन थांबलं.

पण थांबलेली बोटही पुढे सरकत राहते, कोळशाने भरलेली तर फारच. मला काही दिसत नव्हतं. पाणी फळीवर आपटल्याचा आवाज, कुठेतरी लाकूड विटेला घासल्याचा कर्रकर्र आवाज. मग काही नाही. मी कठड्याला धरून राहिले. विटा हातात निघत होत्या.

टक, टक, टक.

या वेळी आवाज वेगळा होता. लोखंड लाकडावर. कुणीतरी केबिनच्या छपरावर ठोकत होतं, आणि ते थरथरत, अडखळत ठोकत होतं. सासरे तसे ठोकत नसत. मी तिथेच बसले आणि रडले.

बोगद्याच्या पलीकडच्या तोंडाशी, आमच्या रुतलेल्या बोटींपाशी, मी परत पोचले तेव्हा सासऱ्यांची जोडी बाहेर आली होती आणि तो सासूच्या शेगडीशी गोधडीत गुंडाळून बसला होता, ओठ निळे. दिवा ठीक करायला तो कोळशावर टाकलेल्या फळीवरून बोटीच्या पुढच्या टोकाला गेला होता आणि वाकाशी छताने त्याला पाडलं होतं. भिंतीला जुनी साखळी होती, ती धरून तो उजेडापर्यंत सरकला.

"मी जवळून गेले तुझ्या," मी म्हटलं. "ओरडला का नाहीस?"

"ठोकत होतो ना. तुला इंजिनापुढे ऐकू गेलं नाही."

"हाक मारायचीस!"

त्याने माझ्याकडे वेडी आहे का अशा नजरेने बघितलं. "बोगद्यात? तुझं नाव घेऊ?"

सासू चहा ओतत होती. तिचा हात थांबला. "पण वरून हाक आली. त्याचंही नाव आलं, ह्यांचंही."

"तिने टेकडीवरून मारली," सासरे म्हणाले. "बोगद्यात नाही."

"आत पोचली ना?"

"पोचली म्हणून तुझा पोरगा चहा पितोय." एवढं बोलून ते बाहेर गेले.

त्यानंतर वर्षभर आम्ही दोघी इनॉकवर डोळा ठेवून होतो. त्याला खोकला आला तरी सासू झोपत नसे. मी लॉकच्या दारावरून त्याला चालू देत नव्हते. तो चिडायचा. म्हणायचा, "तुम्ही दोघी मला घाबरवूनच मारणार." सासऱ्यांकडे कुणी बघितलं नाही.

जोब १९५२ च्या ऑगस्टात, हिलकोटच्या नळाशी पाणी भरताना, हृदय बंद पडून वारले. इनॉक १९८३ साली जूनच्या नऊ तारखेला वारला.