टाचेखालची अळंबी

मी एक जुनी लाकडी अळंबी आहे. हसलात ना? हसा. खायची नव्हे, मोजे रफू करायची. मला मोज्यात कोंबायचं, भोक माझ्या गुळगुळीत डोक्यावर ताणायचं आणि सुईनं उभे-आडवे धागे विणून ते बुजवायचं. एवढंही तुम्हाला समजावून सांगावं लागतं, मित्रांनो, यातच सगळं आलं. आणि मित्रांनो म्हणते ते फक्त रीत म्हणून. तुमची-माझी मैत्री कधीच नव्हती.

बुकोवेत्स गावच्या शाळेत हस्तव्यवसायाच्या तासाला वर्गाची फाळणी व्हायची. मुलगे तळघरातल्या कार्यशाळेत, मुली वरच्या खोलीत. मुलग्यांनी लेथवर बीच नावाच्या झाडाच्या लाकडातून आम्हाला घडवायचं आणि आठ मार्चला, बायकांच्या दिवशी, एका कार्नेशनच्या फुलासोबत मुलींच्या हातात ठेवायचं. मुलींनी लाजत घ्यायचं आणि पुढं जन्मभर त्यांचेच मोजे रफू करायचे. मला घडवणाऱ्यानं मला पुन्हा हात लावला नाही. कौतुक म्हणाल तर तेवढंच, एका दिवसाचं. फूल मुली घरी न्यायच्या, आम्ही मात्र शाळेच्याच कपाटात.

वरच्या खोलीत पेल्का बाईंचं राज्य होतं. या बाईला गोड बोलणं ठाऊकच नव्हतं. एके दिवशी त्यांनी सातवीतल्या रोझालियानं रफू केलेला मोजा दोन बोटांत धरून सगळ्या वर्गाला दाखवला.

"रोझालिया, हा मोजा आहे की मासे धरायचं जाळं?"

पोरी खिदळल्या. रोझालियानं मान खाली घातली नाही. "बाई, मला एक अळंबी घरी न्यायची आहे," ती म्हणाली.

"शाळेची वस्तू शाळेतच राहते. आईकडे माग."

तिची आई जर्मनीत कामाला गेली ती परत आलीच नव्हती. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, बाईंनाही. बोलून गेल्यावर बाईंनी ओठ चावला, पण शब्द काही मागे घेतले नाहीत. तास संपला तेव्हा मी रोझालियाच्या दप्तरात होते. मला चोरलं त्या कार्टीनं, आणि मला तिचा भयंकर राग आला.

राग घरी पोचल्यावर थोडा उतरला. तिचा बाप बोगदान ट्रक चालवायचा, तो घरी असायचा कमी. धाकटा भाऊ तोबियाश सहा वर्षांचा. पोरांकडे कुणी बघत नाही अशी तक्रार कुणीतरी केली होती, आणि आता कोर्टाकडून निरीक्षक बाई घर बघायला येणार होत्या. त्यांना पटलं नाही तर तोबियाशची रवानगी बालगृहात होणार होती. म्हणून रोझालिया घरातला एकेक मोजा घेऊन बसली. वर्गात आळशीपणा करणारी ही पोरगी, पण घरी तिची सुई सरळ चालली.

निरीक्षक बाई आल्या. "राहू द्या, बूट काढू नका," बोगदान दारात म्हणाला. असं म्हणायचं असतं. पाहुण्यानं ते ऐकायचं नसतं. बाईंनी बूट काढले, पाहुण्यांच्या सपाता घातल्या, बिछाने पाहिले, पाव पाहिला. मग तोबियाशला म्हणाल्या, "आता तुझ्या सपाता काढ बरं."

सगळी भोकं सपातांत लपतात हे त्यांना पक्कं माहीत होतं. त्यांनी त्याच्या टाचेवरून अंगठा फिरवला.

"छान. कोणी केलं हे?"

"ताईनं," तोबियाश छाती फुगवून म्हणाला. "बाबाचे पण तीच करते. सगळंच तीच करते."

रोझालियानं त्याला कोपरानं ढोसलं, पण उशीर झाला होता. जे दाखवून घर वाचवायचं होतं, तेच अंगावर आलं.

"म्हणजे घर ही पोरगी चालवते," बाई बोगदानला म्हणाल्या. "आणि तुम्ही?"

"मी पैसे आणतो."

"ते यांची आईही जर्मनीतून पाठवते. घरात तुम्ही काय करता ते विचारतेय. ईस्टरनंतर पुन्हा येईन. तेव्हा सुई तुम्ही धरायची."

बाई गेल्यावर बोगदान गुरगुरला, "हे बायकांचं काम."

"मग जाऊ दे तोबियाशला," रोझालिया म्हणाली.

तो तरातरा खिडकीपर्यंत गेला. मग येऊन त्यानं मला उचललं. "आम्ही शाळेत ढिगानं बनवल्या होत्या या. कशाला लागतात ते कुणी सांगितलंच नाही."

"तू विचारलंस का?"

त्यानं पहिल्याच धाग्याला गाठ मारली. "गाठ टाचेला चावते. उसव," ती म्हणाली. त्यानं पुन्हा मारली. तिनं कात्रीनं कापली. तिसऱ्यांदा त्यानं मला भिंतीवर भिरकावलं. माझ्या कपाळावरचा टवका तेव्हाचा. रोझालियानं मला उचलून पुन्हा त्याच्यासमोर ठेवलं. "उसव."

"अगदी त्या पेल्कासारखी बोलतेस."

"तिनंच शिकवलंय," ती म्हणाली. पण हे कबूल करताना तिचं तोंड कडू झालं.

ईस्टरनंतर निरीक्षक बाई आल्या आणि खुर्ची ओढून बोगदानसमोर बसल्या. ट्रकचं चाक फिरवणारे ते जाडे हात, त्यात ती सुई. दोनदा बोट टोचलं, धागा तुटला, त्यानं पुन्हा ओवला. तोबियाश एक पाय उघडा ठेवून शेजारीच उभा होता. शेवटी बाईंनी मोज्यात मूठ घालून तो ताणला. धागे टिकले.

"गबाळं काम आहे. पोराला टोचेल."

"टोचलं तर उसवून पुन्हा करीन," बोगदान म्हणाला.

बाईंनी फाइल मिटली. "मुलगा इथंच राहील." मग रोझालियाकडे वळल्या. "आणि तू, यांना जमत नाही म्हणून सुई काढून घेऊ नकोस."

त्या वर्षी पेल्का बाईंनी रोझालियाला नापास केलं, कारण वर्गात दाखवायला तिच्याकडे एकही नमुना नव्हता. सगळे भावाच्या पायात होते. तिनं ते बाईंना सांगितलं नाही, बाईंनी विचारलं नाही. दोघीही सारख्याच हट्टी.

मी आता बोगदानच्या ट्रकमधल्या अवजारांच्या खोक्यात पाने-पकडींसोबत पडलेली असते. ग्रीसचा वास मारतो. कुणी पुसत नाही, पण निदान तो वापरतो.

तर मित्रांनो, माझी कीव करू नका, मला कपाटात सजवूनही ठेवू नका. मुलग्यांनो, तुम्ही तर नीट ऐका. आज घरी गेलात की आपली टाच बघा. भोक असेल तर आईला हाक मारू नका.